आता तुझा डाव

जिना चढून आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच मोजू नये, असा नियम आहे. म्हणून माझ्या दवाखान्यात ज्येष्ठ रुग्णांना मी आधी पाच मिनिटे खुर्चीत शांत बसवतो. मोजताना बोलले तरी आकडा वर जातो. तेव्हाही गप्पा नाहीत. दंडावरचा पट्टा सोडला, की मग मात्र मी एक प्रश्न विचारतो : ‘लहानपणी काय खेळायचात?’

या प्रश्नाची गंमत अशी, की त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेले एक निवृत्त गृहस्थ परवा त्याला उत्तर म्हणून माझा स्टेथोस्कोप मागून घेते झाले आणि त्याच्या नळीने भोवऱ्याला जाळी कशी गुंडाळायची, आर कोणत्या बोटाजवळ ठेवायची, हे त्यांनी मला करून दाखवले. गुडघेदुखीसाठी येणाऱ्या एका आजींनी आपल्या भातुकलीतील पितळी बंबाला खरी तोटी होती, हे सांगताना अंगठा आणि तर्जनी अशी फिरवली, की ती तोटी मलाही दिसली. बाहेर थांबलेल्या रुग्णांचा खोळंबा होतो, हे मान्य आहे. पण त्या दोन मिनिटांत रुग्णाचा चेहरा, आवाज, हातांची हालचाल, शब्द सापडण्याचा वेग असे बरेच काही मला समजते, आणि त्यांना समजते, की डॉक्टरांना आपल्या साखरेच्या आकड्यापलीकडेही रस आहे.

हा प्रश्न मला वैद्यकीय महाविद्यालयात कोणी शिकवला नाही. तो माझ्या आईच्या आजारपणाने शिकवला. पण तिथे येण्यापूर्वी, वाचकहो, या ‘जुन्या आठवणीं’चा थोडा वैद्यकीय इतिहास पाहू.

एका रोगाचे नाव

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द आज आपण सहज वापरतो. जुनी मालिका दिसली, जुन्या गोळीचे वेष्टन सापडले, की आपण ‘नॉस्टॅल्जिक’ होतो. हा शब्द कोणा कवीने नव्हे, तर वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने घडवला. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर याने आपल्या प्रबंधात घरापासून दूर गेलेल्या माणसांच्या एका विकाराचे वर्णन केले. परक्या प्रदेशात नोकरी करणारे स्विस सैनिक आणि शिकायला गेलेले तरुण खात नसत, झोपत नसत, घराच्या ध्यासाने झुरत. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने या विकाराला नाव दिले. त्यावरचा खात्रीचा उपाय एकच, रुग्णाला घरी पाठवणे!

पुढे योहान याकोब शॉयख्त्सर या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे कारण हवेच्या दाबात शोधले. उंच डोंगरातील माणूस सखल प्रदेशात उतरला, की वाढलेल्या दाबाने त्याचे रक्ताभिसरण बिघडते, असे त्याचे म्हणणे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील यादवी युद्धात लष्करी डॉक्टर रोगनिदान म्हणून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द नोंदवीत होते. म्हणजे जवळपास दोनशे वर्षे आठवणीने व्याकूळ होणे हा वैद्यकाच्या दृष्टीने एक आजार होता.

मराठीने या एका शब्दासाठी दोन शब्द दिले आहेत, आणि त्या दोहोंत त्याचा सगळा स्वभाव आला आहे. एक ‘गतकातरता’, दुसरा ‘स्मरणरंजन’. पहिल्यात हुरहुर आहे, दुसऱ्यात सुख. एकाच आठवणीत ही दोन्ही कशी नांदतात, हे कळण्यासाठी आपल्याच आठवणींची पेटी उघडून पाहू.

पेटीत काय आहे?

तुम्ही आज पन्नाशीत किंवा साठीत असाल, तर ही पेटी आपली सामाईक आहे. तीत दाबला की ‘टिक टिक’ करणारा पत्र्याचा बेडूक आहे. टिकल्यांचे पिस्तूल आहे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे घालून केलेले शोभादर्शक आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर पेरलेले हळीव आहेत आणि त्या हिरवळीत उभा, दरवर्षी थोडा अधिक रंग उडालेला मातीचा मावळा आहे. सावंतवाडीच्या लाकडी फळांची टोपली आहे. तिच्यातले केळे खरे समजून एकदा तरी पाहुणा फसलेला आहे. ‘चांदोबा’तला खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम आहे. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’चे अंक आहेत आणि भा. रा. भागवतांचा सायकलवरून सुसाट सुटलेला फास्टर फेणे आहे. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी यांच्या आवाजात येणारी ‘बिनाका गीतमाला’ आहे आणि कोणते गाणे कितव्या पायदानावर येणार, यावरून भावंडांत लागलेली पैज आहे.

आणि दूरदर्शन आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम आम्हां पुणेकरांना दिसू लागले. आमच्या वाड्यात बिऱ्हाडे नऊ आणि दूरचित्रवाणी संच एक, तोही मालकांचा. लाकडी खोक्याची सरकती दारे मालकीणबाई स्वतः उघडीत. मोठ्यांना सतरंजी, मुलांना फरशी. पडद्यावर मुंग्या आल्या, की एक मुलगा कौलांवर अँटेना फिरवायला, दुसरा गॅलरीत, तिसरा दारात. ‘आलं का?’ – ‘आलं, आलं!’ – ‘आता?’ – ‘गेलं!’ असा निरोप तीन तोंडांतून वर-खाली जाई. ‘चिमणराव’ मालिकेत दिलीप प्रभावळकर यांचा नाकातला आवाज आला, की वाडा एका वेळी हसे. कार्यक्रमात व्यत्यय आल्याबद्दल दिलगिरीची पाटी लागली, तरी कोणी उठत नसे. आम्ही ती पाटीही मन लावून पाहत असू.

या पेटीतली माझी सर्वांत लाडकी वस्तू मात्र दुकानात मिळालेली नव्हती. निकामी झालेल्या दिव्याचा आतला भाग काळजीपूर्वक काढून त्यात पाणी भरले, की त्याचे भिंग होते. चित्रपटगृहाच्या मागच्या गल्लीत फिल्मचे तुकडे सापडत. एका मुलाने अंगणात आरसा धरून ऊन खोलीत पाडायचे, दुसऱ्याने फिल्म धरायची, तिसऱ्याने दिवा मागे-पुढे करायचा. अंधारलेल्या खोलीत, ताणून धरलेल्या चादरीवर एक क्षणभर रंगीत नायिका उमटे. तीही उलटी! मग फिल्म उलटी धरायची.

आता जरा थांबून एक गोष्ट पाहा. अँटेनाला तीन मुले लागत. आरसा धरायला एक, फिल्मला दुसरा, चादरीला दोघे. लगोरीला दोन संघ, विटीदांडूला झेलणारे, बाहुलीच्या लग्नाला विहीण. सयानींच्या आवाजालासुद्धा पैज हरणारे एक भावंड लागतेच. आपल्या आठवणींतील जवळजवळ प्रत्येक वस्तूला कुणीतरी दुसरे माणूस चिकटलेले असते. वस्तू आठवते आणि रंजन होते. ते माणूस आता समोर नाही, हे जाणवते आणि कातरता येते.

एकटेपणातच आठवण का येते?

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील टिम विल्डशूट, कॉन्स्टन्टाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली या विषयावरील आपल्या अभ्यासांची मालिका प्रसिद्ध केली. लोकांना जुन्या आठवणी केव्हा येतात, हे त्यांनी पाहिले. मन खिन्न असताना, विशेषतः एकटे वाटत असताना, त्या अधिक येतात, असे आढळले. आणि आठवणीत रमल्यानंतर या माणसांना आपण कोणाचे तरी आहोत, आपल्यावर कोणीतरी प्रेम केले आहे, ही जाणीव अधिक होत होती. म्हणजे दोनशे वर्षे ज्याला रोग समजले गेले, ते बऱ्याच अंशी शरीराला येणाऱ्या तापासारखे आहे. ताप हे आजाराचे लक्षण असते आणि आजाराशी झगडण्याचे साधनही असते.

याचा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. मार्च २०२० मध्ये सारे घरात कोंडले गेले, तेव्हा २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. मूळ मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली होती. हातातल्या फोनवर जगभरचे कार्यक्रम असताना घरोघरी लोक तेहतीस वर्षांपूर्वीची, आजच्या मानाने संथ मालिका पाहत बसले. त्या दिवसांत मला फोन करणारे रुग्ण आधी खोकल्याविषयी विचारीत आणि मग, ‘डॉक्टर, रामायण बघताय की नाही?’ असे विचारीत. भीतीने घेरलेल्या माणसाला शेजाऱ्यांच्या घरात मांडीला मांडी लावून बसल्याचे ते रविवार हवे होते.

इतके सारे मला पुस्तकांतून ठाऊक होते. तरीही माझ्या स्वतःच्या घरात मी चुकलो.

‘मला माहीत नाही हो, डॉक्टर’

माझ्या आईचे बालपण राजापूर तालुक्यातील एका खेड्यात गेले, पुढचे सारे आयुष्य पुण्यात. वयाच्या पंचाहत्तरीनंतर तिची स्मृती ढासळू लागली. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावे, मग स्वयंपाकातला क्रम. आवश्यक त्या तपासण्या झाल्या, मेंदूविकारतज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले, औषध सुरू झाले.

रोज रात्री दवाखाना बंद करून मी घरी आलो, की तिच्याजवळ बसत असे. आणि काय करीत असे? परीक्षा घेत असे. ‘आई, आज वार कोणता? जेवणात काय होतं? ही कोण आली होती? मी कोण?’ मेंदूला व्यायाम होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरे तर मला माझ्या भीतीचे उत्तर हवे होते. काल आठवलेले आज आठवते आहे ना, एवढेच मला पाहायचे असे. ती मला कधी ‘अप्पा’ म्हणे. अप्पा हा तिचा मोठा भाऊ, केव्हाच वारलेला. मी तत्परतेने चूक दुरुस्त करी. ‘अप्पामामा नाही गं, तो गेला ना! मी तुझा मुलगा.’ ती दचके. भाऊ गेल्याची बातमी तिला दर वेळी नव्याने कळत होती, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

एके रात्री मी विचारले, ‘आई, मी कोण?’ तिने बराच वेळ पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. मग खाली पाहत, वर्गात उत्तर न आलेल्या मुलीसारखी म्हणाली, ‘मला माहीत नाही हो, डॉक्टर.’

त्यानंतर मी प्रश्न विचारणे बंद केले. पण मग तिच्याशी बोलायचे काय, हेच मला कळेना. आठ-दहा दिवस मी नुसता तिच्याजवळ बसून उठत होतो.

तेवढ्यात मुलीच्या शाळेत जुन्या खेळांचे प्रदर्शन ठरले. तिच्या वाट्याला सागरगोटे आले. ते आता खेळण्यांच्या दुकानात कोठून मिळणार! मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून पत्नीने पाच सागरगोटे आणले. राखी रंगाच्या, गुळगुळीत, टणक बिया. कोकणच्या किनाऱ्यावर त्यांची काटेरी झुडपे रानात वाढतात. मुलीने त्या आजीच्या दिवाणावर टाकल्या आणि ती मोबाइलवर त्यांची माहिती शोधू लागली.

आईने आधी तळहाताने चादरीची सुरकुती सपाट केली. मग पाचही बिया मुठीत घेतल्या, हलकेच पसरल्या. एक उचलून वर उडवली, तेवढ्यात खालची एक टिपली आणि वरची झेलली. आधी एकेक. मग दोन-दोन. तिच्या हाताला कंप होता. घास तोंडापर्यंत नेताना अन्न सांडत असे. तोच हात हवेतली बी न बघता खालच्या दोन बिया अचूक वेचत होता. तीन आणि एक उचलण्याच्या पायरीवर बी निसटली. आईने जीभ चावली, सारे सागरगोटे गोळा करून नातीपुढे सरकवले आणि म्हणाली, ‘घे शकू, आता तुझा डाव.’

कित्येक दिवसांत तिच्या तोंडून आलेले ते पहिले पुरे वाक्य होते.

शकू ही तिची बालमैत्रीण असावी. मी सवयीने दुरुस्ती करण्यासाठी तोंड उघडले. पण माझी बारा वर्षांची मुलगी सहजपणे म्हणाली, ‘हं, कसा खेळायचा? शिकव ना.’ आणि आई शिकवू लागली. ‘नजर वर ठेव. खाली बोटं आपली आपण बघतात.’ मग मुलीने बी निसटू दिली, की ती खदखदून हसे. थोड्या वेळाने तिने एक बी भिंतीवर खसाखसा घासली आणि तापलेली बी नातीच्या दंडाला लावून चटका दिला. पोरगी किंचाळली. माझी आई आठ वर्षांची झाली होती आणि मी दारात उभा राहून रडत होतो.

हातांची स्मृती

घडले त्यात चमत्कार नव्हता. त्याचे शास्त्र मला ठाऊक होते. मी ते माझ्या आईपर्यंत नेले नव्हते, एवढेच.

स्मृती मेंदूत एका कपाटात ठेवलेली नसते. आज काय घडले, कोण भेटले, याच्या नव्या नोंदी घेण्याचे काम मुख्यतः हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. अल्झायमर प्रकारच्या स्मृतिभ्रंशात सहसा तो लवकर दुबळा होतो. त्यामुळे अलीकडचे आधी पुसले जाते आणि जुने अधिक काळ टिकते. तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ सालीच हा क्रम सांगितला होता. सायकल चालवणे, वेणी घालणे, पोळी लाटणे, सागरगोटे झेलणे या हाताने शिकलेल्या गोष्टींचा हिशेब मेंदूचे दुसरे भाग ठेवतात.

याचा पुरावा वैद्यकातील एका प्रसिद्ध रुग्णाने दिला. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ साली अपस्माराच्या झटक्यांसाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. त्यानंतर त्यांना नवी आठवण साठवता येईना. संशोधक ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला, पण हे काम आपण यापूर्वी केले आहे, हे त्यांना दर वेळी ठाऊक नसे. मन विसरले, तरी हात शिकला होता.

दुसरे असे, की चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या माणसांना आयुष्यातील प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातील प्रसंग प्रमाणाबाहेर अधिक येतात. पहिली शाळा, पहिली मैत्री, पहिली नोकरी. ‘मी कोण’ याची जडणघडण त्या काळात होते. म्हणून आपल्या आजोबांच्या गोष्टी फिरून फिरून तिथेच येतात. पूर्वी डॉक्टरही याला म्हातारचळ समजत. १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने मांडले, की उतारवयात मागे वळून आयुष्याचा ताळा पाहणे स्वाभाविक आणि उपयुक्त आहे. त्यातूनच पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जुन्या वस्तू, छायाचित्रे, गाणी वापरून गप्पा मारण्याची पद्धत रुजली. अशा उपचाराच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१८ साली घेतलेला आढावा सांगतो, की काहींना काही बाबतींत गुण येतो, पण तो लहान असतो आणि सगळीकडे सारखा नसतो. म्हणून कोणी ‘आठवणींनी स्मृतिभ्रंश बरा होतो’ असे म्हणाले, तर विश्वास ठेवू नका. माझी आई बरी झाली नाही. पण तिची दुपार बरी गेली. आजार बरा करता येत नाही, तिथे दुपार बरी करणे हेही वैद्यकच आहे.

घरी काय करता येईल?

एक रिकामा बिस्किटांचा डबा घ्या. घरातील ज्येष्ठांच्या लहानपणाशी जोडलेल्या आठ-दहा वस्तू त्यात जमवा : भोवरा, सागरगोटे, दगडी पाटी, अडकित्ता, भातुकलीतले भांडे, जुना ‘चांदोबा’, शाळेचे छायाचित्र, त्या काळचे पोस्टकार्ड. सुगंधी वस्तू अवश्य ठेवा. वासाच्या संवेदना मेंदूतील भावना आणि स्मृतीच्या केंद्रांशी फार जवळून जोडलेल्या असतात. कापराची वडी किंवा सुकलेली बकुळीची फुले जे करतात, ते दहा छायाचित्रे करीत नाहीत. मग पुढील गोष्टी पाळा :

• ‘आठवतं का?’ हा शब्दप्रयोग टाळा. तो परीक्षेचा प्रश्न आहे. वस्तू हातात द्या आणि थांबा. ‘हे कसं खेळायचं, मला दाखवता?’ असे विचारा. शिकवणाऱ्याला मान असतो, परीक्षार्थीला धास्ती.

• त्यांनी तुम्हाला दुसऱ्याच नावाने हाक मारली, तर दुरुस्तीची घाई करू नका. त्या नावाच्या माणसाविषयी ऐका.

• एका वेळी एक-दोनच वस्तू, पंधरा-वीस मिनिटे, शक्यतो सकाळी. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते. दूरचित्रवाणी त्या वेळी बंद असावी.

• डोळ्यांत पाणी आले, तर घाबरून विषय बदलू नका. हात धरून बसा. मात्र एखादी वस्तू वारंवार त्रासच देत असेल, तर ती डब्यातून काढा. सर्वांचे बालपण सुखाचे नसते.

• आजार पुढे गेलेले रुग्ण वस्तू तोंडात घालतात. त्यांच्यापाशी बिया, गोट्या, मणी एकटे सोडू नका. हेच लहान मुलांबाबत. माळ्यावरच्या जुन्या रंगीत खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते. ती पाहण्यापुरती ठेवा, नातवंडाला चघळायला देऊ नका. आणि पूर्वी मुले खेळत, त्या लाल-काळ्या गुंजा मुलांना मुळीच देऊ नयेत; त्या विषारी असतात.

आणखी दोन इशारे देतो. पहिला : घरातील कोणी नुकतेच विसरू लागले असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका, डबा घेऊनही बसू नका, आधी डॉक्टरांकडे या. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, काही औषधांचा परिणाम, इतकेच काय, कमी ऐकू येणे यांमुळेही माणूस विसरभोळा भासतो, आणि यांवर उपाय आहेत. ब-१२चा अभाव तर आपल्याकडील शाकाहारी घरांत सर्रास दिसतो. दुसरा : आठवणीत रमणारा माणूस त्यातून बाहेर येऊन चहा मागतो, नातवाला हाक मारतो. तसे न होता जेवण-झोप उडाली, माणसे नकोशी झाली, दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्नता राहिली, तर ते स्मरणरंजन नव्हे. त्याला मदत हवी.

आणि आपण, पन्नाशी-साठीतले? आपणही एक पथ्य पाळू या. ‘आमच्या वेळी कसे होते’ हे वाक्य मुलांना मारण्याची छडी म्हणून वापरू नये. आपल्या विटीदांडूने त्यांच्या मोबाइलवरील खेळाला कमी लेखले, की मुले दोन्हीपासून दूर जातात. त्यांनाही चाळीस वर्षांनी काहीतरी आठवणार आहे. ते काय असेल, हे ठरवणे आपल्या हाती नाही. त्या आठवणीत शेजारी कोणी बसलेले असेल की नाही, हे मात्र काही अंशी आहे. त्यांचा खेळ त्यांच्याकडून शिका. हरा. मग सागरगोटे काढा.

आई त्यानंतर दोन वर्षे होती. शेवटच्या काही महिन्यांत बी उडवणेही तिला जमेना. ती पाचही बिया मुठीत धरून बसे. मला ती पुन्हा मुलगा म्हणून ओळखू शकली नाही. अप्पा म्हणून मात्र मला तिच्या गावाचा ओढा, पाणंद आणि शाळेची वाट ठाऊक झाली. ती धडधाकट होती, त्या चाळीस वर्षांत मी हे कधीच विचारले नव्हते. माझ्या मनाला लागून राहिलेली चूक तीच आहे, आणि तुमची तशी होऊ नये, म्हणून हा लेख लिहिला.

ते पाच सागरगोटे आता माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या खणात असतात. तुमचे आई-वडील आज धडधाकट असतील, त्यांना सारे आठवत असेल, तर डब्यासाठी आजाराची वाट पाहू नका. येत्या रविवारी जेवणे झाली, की त्यांच्याजवळ बसा आणि लहानपणी ते काय खेळत, एवढेच विचारा. मग मध्ये बोलू नका. त्यांचा डाव आहे.